वस्तीतल्या पोरांच्या हाती चित्रकथा द्या

जयंती जवळ आली की नगर जिल्ह्यातल्या (आता कागदोपत्री अहिल्यानगर) गावोगावच्या वस्त्यांत वर्गणीच्या वह्या निघतात. मंडप ठरतो, कमान ठरते, मिरवणुकीची गाडी ठरते, डी.जे. तर सर्वात आधी ठरतो. या हिशेबात पुस्तकांचे खाते किती असते? कुठे असलेच तर ते बाबासाहेबांच्या खंडांवर संपते. शासनाने १९७९ पासून काढलेले हे खंड समाजमंदिराच्या कपाटात मानाने बसतात आणि कुलपाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात बसते. खंडांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. पण पाथर्डी-जामखेडची जी पोरे आईबापांबरोबर सहा महिने उसाच्या फडावर जातात आणि शाळेत परत येईपर्यंत जोडाक्षरे विसरतात, त्यांनी काय करावे? त्यांना बाबासाहेब कळतात ते गाण्यातून आणि फोटोतून. त्यापुढची पायरी आपण बांधलेलीच नाही.

ती पायरी चित्रकथेची आहे. चित्रकथा म्हटली की आपल्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा पोरखेळ, याने वाचनाची सवय बिघडते, असे शिक्षक मंडळीही सांगतात. आम्ही त्यांना एवढेच विचारतो, अजिंठ्याच्या भिंतींवर काय आहे? जातककथा रंगांत मांडल्या आहेत, आणि पोथी वाचता न येणाराही त्यांच्यापुढे उभा राहिला की त्याला कथा कळते. सांची, भारहूतच्या दगडांवरही तेच. बौद्धांनी चित्रातून सांगण्याची लाज कधी बाळगली नाही. कर्डकांच्या जलशाने स्वरातून जे केले तेच काम रेषेतून होऊ शकते.

आमच्या पिढीने एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर जी चित्रकथा पाहिली ती ‘अमर चित्रकथा’. १९६७ साली अनंत पै यांनी ती सुरू केली, आणि तिच्यात देव, अवतार, ऋषी, राजे यांची इतकी गर्दी होती की आमच्या वस्तीतले कुणी त्यात असेल असे वाटतही नव्हते. बाबासाहेबांवरचा अंक आला तो १९७९ साली. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांनी तो लिहिला, दिलीप कदम यांनी चित्रे काढली. तो अंक जरूर वाचावा, लहान पोरांना तर आधी तोच द्यावा. सुटसुटीत आहे, एका बैठकीत होतो. पण देताना सोबत बसावे. कारण त्यात एक हुशार मुलगा कष्टाने मोठा झाला, हा सूर जोरात आहे आणि जातीची व्यवस्था कुणी उभी केली, तिचा फायदा कुणाला, हा प्रश्न दबक्या आवाजात आहे. एकटा माणूस मोठा होतो ही गोष्ट प्रस्थापितांना नेहमीच आवडते. समाज उभा राहतो, ही गोष्ट त्यांना अडचणीची ठरते.

ही उणीव भरून काढणारे पुस्तक म्हणजे ‘भीमायन’. दिल्लीच्या ‘नवयान’ प्रकाशनाने ते २०११ साली काढले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर, आणि चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. नाव आम्हाला रुचले नाही, हे सरळ सांगतो. ज्या ग्रंथाच्या सावलीतून बाहेर यायचे त्याच्याच नावावरून नाव कशाला? पण नावावर अडून बसणाऱ्याने आत डोकावलेच नाही तर नुकसान त्याचेच आहे.

मजकुराचा आधार आहे बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. पुस्तकाचे तीन भाग आहेत, पाणी, निवारा आणि प्रवास. शाळेत शिपायाने वरून ओतले तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहान. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली भावंडे मसूर स्टेशनावर उतरतात. चांगल्या कपड्यांतली पोरे पाहून स्टेशन मास्तर आपुलकीने विचारपूस करतो आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान दुप्पट भाडे घेतो, पण विटाळ नको म्हणून गाडी पोरांनीच हाकायची. रात्रभर जवळ जेवण आहे आणि पाणी नाही. पुढे बडोद्यात, परदेशातून शिकून आलेला माणूस पारशी खानावळीतून काठ्यांच्या धाकाने बाहेर काढला जातो. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाले बाबासाहेबांना बसवून घ्यायला नकार देतात, सवय नसलेला माणूस टांगा हाकतो आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडते. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून तंटा होतो. दौलताबाद आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. सहलीला तिथे शाळेच्या गाड्या जातात, मास्तर पोरांना देवगिरीच्या यादवांची सगळी वंशावळ सांगतात. हौदापाशी थांबून ही हकिकत सांगणारे मास्तर किती असतील?

चित्रांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगायची. या कलावंतांनी नेहमीच्या चौकटी आखल्या नाहीत. माणसाला चौकटीत कोंडायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. पाने वाहत जातात, घरांच्या भिंतींवर जशी दिग्ण्याची नक्षी काढतात तशी. गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आणि विषारी बोलणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीच्या आकारात. अक्षर न येणाऱ्या पोरालाही कळते की इथे कुणीतरी डंख मारला. पुस्तक मूळ इंग्रजीत आहे म्हणून मागे हटू नये. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीने पान उघडून धरावे, वाचून मराठीत सांगावे, आणि भोवती वीस पोरे बसवावीत. एका प्रतीत एक वस्ती भागते.

त्याच प्रकाशनाचे, त्याच वर्षीचे दुसरे पुस्तक जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेले आहे, ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. श्रीविद्या नटराजन यांचे लेखन, अपराजिता निनान यांची काळीपांढरी चित्रे. १८७३ साली जोतीरावांनी आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला होता. चित्रांत हे दोन्ही लढे शेजारी शेजारी येतात. नगरकरांनी तर हे घ्यावेच. मिस फॅरर यांच्या नगरमधल्या मुलींच्या शाळा पाहूनच जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला, आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले तेही नगरला, मिस फॅरर यांच्याकडे.

मोठ्या मुलांसाठी बाहेरची दोन नावे. आर्ट स्पीगलमन यांचे ‘माउस’, ज्यात ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरे, आणि मुलगा बापाला छळछावणीची हकिकत विचारत राहतो. १९९२ साली त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. आणि जॉन लुईस यांचे तीन भागांतले ‘मार्च’. अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्यात १९५७ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर सोळा पानांची एक चित्रकथा निघाली होती, दहा सेंटला. लुईस तरुणपणी ती वाचून लढ्यात उतरले आणि म्हातारपणी, खासदार असताना, त्यांनी स्वतःची कहाणी चित्रकथेतच सांगितली. लढणाऱ्या समाजाला हे माध्यम हलके वाटले नाही, याची यापेक्षा मोठी साक्ष कोणती हवी?

आता एक कडू गोष्ट. २०१२ च्या मे महिन्यात अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, असे ते चित्र. आपला संताप खोटा नव्हता. पण पुण्यात प्रा. सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची जी मोडतोड झाली ती चूक होती, असे आमचे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. खरे उत्तर २०१९ साली आले. उन्नामती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून ‘नो लाफिंग मॅटर’ हे पुस्तक केले आणि त्या काळच्या नामांकित व्यंगचित्रकारांची नजर किती जातीची होती ते एकेका चित्राखाली मांडले. खुर्च्या फोडून जे सिद्ध झाले नाही ते या पुस्तकाने सिद्ध केले. हे मात्र मोठ्यांनी वाचावे.

वाचून झाल्यावर प्रश्न उरतो तो आपल्या जिल्ह्याचा. दया पवार अकोले भागातल्या धामणगावचे. १९७८ साली आलेल्या त्यांच्या ‘बलुतं’चे एकेक पान चित्राची वाट पाहत आहे. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला डिसेंबर १९३९ मध्ये वतनदार महार, मांग, वेठियांची परिषद भरली आणि बाबासाहेबांनी तिथे वतनाच्या प्रश्नावर सरकारला सुनावले. त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले गेले. खर्डा, सोनई, जवखेडे ही नावे तर घोकून पाठ झाली आहेत. आपल्याकडे ब्रश धरणारे हात आहेत. गावोगावच्या नामफलकांवर बाबासाहेबांचा चेहरा रंगवणारे पेंटर कोण आहेत? आपलीच पोरे. यंदाच्या वर्गणीतून डी.जे.चा एक तास कमी करून त्यांना कागद, शाई आणि महिनाभराची मजुरी द्यावी. पहिले पान हरेगावचे असावे, अशी आमची सूचना आहे. ते १९३९ चे असावे की २०२३ चे, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.