लग्न म्हणजे औषध नव्हे

देशात वर्षभरात किती आत्महत्या झाल्या आणि कशामुळे झाल्या, याचा अहवाल राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी काढतो. त्यात कारणांचे रकाने ठरलेले आहेत: कौटुंबिक कलह, आजारपण, लग्नाशी संबंधित अडचणी, प्रेमप्रकरण, कर्जबाजारीपणा, बेकारी, परीक्षेतले अपयश. मुलगा समलिंगी आहे म्हणून घरात त्याचा छळ चालला होता, किंवा मुलीचे मन दुसऱ्या मुलीत गुंतलेले असताना तिचा साखरपुडा उरकला गेला, हे पोलीस पाटलाला कळले तरी ते लिहायला त्या तक्त्यात जागा नाही. असा मृत्यू 'कौटुंबिक कलहा'त जमा होतो, नाहीतर 'लग्नाशी संबंधित अडचणीं'त. आणि मग नोंदच नाही म्हणून शिरूर, दौंडसारख्या तालुक्यांत हा प्रश्नच नाही, असे गृहीत धरून आरोग्याचे नियोजन होते. ग्रामीण आरोग्य हा या स्तंभाचा विषय आहे, आणि आज मला जे म्हणायचे आहे ते त्याच्या अगदी मध्यावरचे आहे. समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या मनाला होणारा त्रास त्यांच्या प्रकृतीतून येत नाही. तो घरातून, भावकीतून आणि बहुतेक वेळा लग्नाच्या तगाद्यातून येतो. म्हणून त्यावरचा इलाजही तिथेच, गावाच्या पातळीवर, करायला हवा.

शिरूर तालुक्यातला कोरेगाव भीमाचा पट्टा या बाबतीत नीट पाहण्यासारखा आहे. पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगाव असे कारखाने वाढत गेले, आणि त्यांच्यामागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहार-बंगालमधून आलेली विशी-पंचविशीची मुले त्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात, बरीचशी कंत्राटी कामावर. गावापासून लांब आल्यामुळे यातल्या समलिंगी मुलाला थोडी मोकळीक मिळते. पण ती फोन वाजेपर्यंतच. 'पाव्हणे विचारतायत, सुट्टी टाकून ये, मुलगी बघून घे' हा निरोप महिन्या-दोन महिन्यांनी येतच राहतो. दुसऱ्या बाजूला आहेत मूळ गावकऱ्यांची मुले. त्यांच्या घरी जमीन आहे, खोल्यांचे भाडे येते, आणि म्हणूनच त्यांच्या लग्नात सोयरीक, प्रतिष्ठा आणि वारस या तीनही गोष्टी गुंतलेल्या असतात. त्यांना घर सोडून जाण्याची वाटही नाही. मुलगी असेल तर बारावी-पदवीनंतर तिच्या हातात उरणारा वेळ इतका थोडा असतो की स्वतःच्या मनाचा उलगडा होण्याआधीच तारीख ठरते. मोबाइलवरच्या अॅपवरून जोडीदार शोधणाऱ्यांना गाठून लुबाडण्याचे प्रकार अनेक शहरांत पोलिसांपर्यंत गेले आहेत. गावातला मुलगा तिथपर्यंतही जात नाही, कारण तक्रार नोंदवायची म्हणजे घरी सगळे कळणार.

हा त्रास प्रकृतीचा नसून परिस्थितीचा आहे, हे केवळ सहानुभूतीपोटी केलेले विधान नाही. इलान मेयर या अभ्यासकाने २००३ साली अल्पसंख्याकांवरच्या ताणाची जी मांडणी केली, तिचे सार असे की सतत लपवावे लागणे, उघड होण्याची धास्ती, आणि समाजाची घृणा स्वतःच्याच मनात उतरणे यांतून नैराश्य आणि चिंता वाढतात. ही मांडणी पारखायला नंतरच्या अभ्यासांनी मदत केली. कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली कॅलिफोर्नियातल्या समलिंगी-उभयलिंगी तरुणांचा अभ्यास केला. ज्यांना घरच्यांनी टोकाचा नकार दिला होता, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण, फारसा नकार न मिळालेल्यांच्या ८.४ पट निघाले. माझ्या दृष्टीने याहून बोलका पुरावा मार्क हॅट्झेनब्युलर यांचा आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांनी २००४ च्या सुमारास समलिंगी विवाहावर बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्त्या केल्या. त्या राज्यांतल्या समलिंगी-उभयलिंगी लोकांमध्ये नैराश्यासारखे भावनिक विकार आधीच्या मोजणीपेक्षा ३६.६ टक्क्यांनी वाढले. जिथे बंदी आली नाही, तिथे तशी वाढ दिसली नाही. उलट दिशेचा पुरावा २०१७ चा आहे: जिथे अशा विवाहांना कायद्याने मान्यता मिळाली, तिथे शाळकरी मुलांमधले आत्महत्येचे प्रयत्न सुमारे ७ टक्क्यांनी घटले, आणि ही घट मुख्यतः समलिंगी-उभयलिंगी मुलांमधली होती. माणसांचा कल बदलला नव्हता. भोवतालचा कायदा आणि लोकांची वागणूक बदलली होती. दुखण्याचे मूळ प्रकृतीत असते, तर कायदा बदलल्याने ते कमी-जास्त झाले नसते.

हे आकडे परदेशातले आहेत, आपल्याकडे ते कसे लागू व्हावेत, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. आपल्याकडे घराचा आधार जितका घट्ट, तितकाच त्याचा नकार खोल जातो. अमेरिकेतला तरुण घर सोडून दुसऱ्या शहरात नोकरी धरतो, तेव्हा त्याच्या जगण्याचे सगळे धागे तुटत नाहीत. इथे शेतीचा हिस्सा, आजारपणातली सोबत, म्हातारपणीची काठी, मरणानंतरचे खांदेकरी हे सगळे घरातूनच मिळतात. बंगालमध्ये नंदीग्रामच्या परिसरात २०११ साली एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणींनी जीव दिला; त्यांचे मृतदेह ताब्यात घ्यायला घरचे आले नाहीत. देबलिना या दिग्दर्शिकेने त्यावर केलेल्या माहितीपटाच्या नावातच 'बेवारिश' हा शब्द आहे. १९९९ सालीच कोलकात्यात समलिंगी हक्कांसाठी पदयात्रा निघाली होती, म्हणजे त्या राज्याच्या राजधानीत चळवळीला एक तप उलटून गेले होते. तरी नंदीग्रामपर्यंत तिचा हात पोहोचला नाही. पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट काम करतो आहे, बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत या विषयावर सोप्या भाषेत पुस्तके लिहिली आहेत, २०११ पासून पुण्यात अभिमान पदयात्रा निघते. कोरेगाव भीमा पुण्यापासून जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. पण हे अंतर रस्त्याच्या कोंडीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

'ही शहरी, शिकल्या-सवरलेल्यांची थेरं आहेत' असे म्हणणाऱ्यांना मराठीचाच इतिहास दाखवावा लागतो. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. त्याला येणाऱ्या वाचकांच्या पत्रांत समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्न होते, आणि कर्वे त्यांना उत्तरे देत होते. या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला मुंबईत जे वकील उभे राहिले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ज्याला प्रश्न पडला आहे त्याला माहिती मिळाली पाहिजे आणि ती देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची भूमिका होती; त्यासाठी त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा आधार घेतला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिकतेविषयीच्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर मागण्याचा अधिकार महाराष्ट्रात नव्वद वर्षांपूर्वी भर न्यायालयात मांडला गेला, आणि तो कोणी मांडला हे कोरेगाव भीमात तरी सांगायला हवे. खेड्यांबद्दल म्हणाल, तर माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ साली ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांना स्त्रियांसाठीच्या जागेवर अर्ज भरू देत नव्हते. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो हक्क मान्य केला आणि गावाने त्यांना निवडून दिले. शहरातल्या किती वॉर्डांना हे जमले आहे?

कोरेगाव भीमाबद्दल लिहिताना आणखी एक आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. ज्या भूमीवर १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आले, जिथे जातीच्या अपमानाची स्मृती आणि स्वाभिमान दोन्ही जागे आहेत, जिथे २०१८ च्या दंगलीची जखम अजून ओली आहे, तिथे हा प्रश्न पुढे आणणे म्हणजे मूळ लढाईवरून लक्ष हटवणे नव्हे का? मला उलटे वाटते. दलित वस्तीतल्या समलिंगी मुलावर ओझे दुहेरी आहे. पुण्यातल्या मेळाव्यात त्याचे आडनाव विचारले जाते, आणि वस्तीत त्याला आपले मन सांगता येत नाही. दिशा पिंकी शेख यांनी कवितेतून आणि वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून सार्वजनिक जीवनात पारलिंगी असणे आणि आंबेडकरी असणे एकाच वेळी मांडले आहे. शिवाय जात टिकते ती लग्नातून, हे आंबेडकरांनी १९१६ सालच्या जातिसंस्थेवरील निबंधातच दाखवून दिले होते. मुलामुलींच्या लग्नावर भावकीचा जो ताबा आंतरजातीय जोडप्याच्या जिवावर उठतो, तोच ताबा समलिंगी मुलीला बोहल्यावर चढवतो. या दोन लढाया वेगळ्या करता येत नाहीत.

जोगत्यांची परंपरा आहे, तृतीयपंथीयांना आपण मानतो, त्यांचा आशीर्वाद घेतो, मग वेगळे काय हवे, असेही म्हटले जाते. त्या परंपरेने काहींना निदान एक जागा दिली, हे खरे. पण ती जागा घराबाहेरची होती. रांजणगावच्या कारखान्यात यंत्र चालवायचे आहे, आईजवळ राहायचे आहे आणि स्वतःच्या ओळखीने जगायचे आहे, असे म्हणणाऱ्याला त्या परंपरेत उत्तर नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांनी लिंगाच्या रकान्यात 'इतर' असे नोंदवले. हे सगळे बाजारात टाळ्या वाजवत फिरत नाहीत.

आता डॉक्टरांकडे वळतो, कारण घरच्यांना शंका आली की पहिली धाव बहुधा देवऋषीकडे आणि दुसरी दवाखान्याकडे असते. देवऋषीच्या मारझोडीला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. दवाखान्यातली बाजू जास्त नाजूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की कुटुंबाच्या किंवा समाजाच्या नीतिकल्पनांत कोणी बसत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, आणि लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हेच जाहीर केले. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल बदलण्याचे तथाकथित उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. तरीही 'लग्न करून द्या, सगळे ठीक होईल' हा सल्ला गावोगाव दिला जातो. याचा परिणाम एकाच आयुष्यावर होत नाही. ज्या मुलीला त्या घरात आणले जाते तिला नवऱ्याच्या थंडपणाचे कारण कधीच कळत नाही, आणि मूल होत नाही म्हणून दोष पुन्हा तिलाच लागतो. एका दुखण्यावर उपाय म्हणून दुसऱ्या घरातली निरोगी मुलगी वापरणे, याला वैद्यकीय सल्ला म्हणायची माझी तयारी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सैल केला, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करायला नकार दिला. पुढच्या वर्षी केंद्राने जोडीदारांना एका शिधापत्रिकेत धरायला आणि जवळचे नातलग नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात द्यायला राज्यांना सुचवले. हे थोडके आहे, पण गावच्या रास्त भाव दुकानदाराला आणि दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला तेही माहीत असले पाहिजे.

मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला पुरतील इतके नाहीत, मग हे करणार कोण, असे विचारले जाईल. उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या, थोडक्या प्रशिक्षणातून तयार केलेल्या समुपदेशकांना नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांबरोबर काम दिले. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के होते, नेहमीच्या उपचारांत ते ४२ टक्क्यांच्या आसपास राहिले. महाराष्ट्रात पौगंडावस्थेतल्या मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिक आधीपासून आहेत. केंद्राच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या २०१७ च्या 'साथिया' संचात तर मुलामुलींना समलिंगी व्यक्तीबद्दलही आकर्षण वाटू शकते, असे सरकारनेच लिहून ठेवले आहे. म्हणजे यंत्रणा आहे, पाठ्यसाहित्य आहे, कायदाही बाजूने आहे. उणीव आहे ती आशाताईला, मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकाला आणि कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दोन दिवस बसवून हे शिकवण्याची, आणि घरचे मुलाला घेऊन येतील तेव्हा त्यांना खोलीबाहेर थांबवून आधी त्याच्याशी बोलायचे, ही शिस्त लावण्याची. ज्याला आजच कोणाशी तरी बोलायचे आहे, त्याच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो कोरेगावच्या ग्रामपंचायतीत, सणसवाडीच्या कंपन्यांच्या फाटकांवर आणि दौंड जंक्शनच्या फलाटांवर मराठी, हिंदी आणि बंगालीत लावावा, आणि त्याखाली समलिंगी, पारलिंगी मुलामुलींनीही इथे निःसंकोच फोन करावा, हे वाक्य स्पष्ट शब्दांत लिहावे.