वाहतुकीचे संशोधन : वर्गणी कोणाची, विचार कोणाचा ?

धान्याच्या व्यापारात खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव सर्वांच्या तोंडी असतो. या दोहोंच्या मध्ये बसलेल्या वाहतुकीच्या खर्चाचा व तुटीचा अभ्यास मात्र क्वचितच कोणी करतो. माल उतरताना वजन कमी भरले की बहुधा मालमोटारवाल्याच्या भाड्यातून रक्कम कापली जाते. ती तूट गळतीची, चोरीची की ओलावा सुकल्याची, याचा निवाडा होत नाही. वस्तुतः 13 टक्के ओलाव्याचे 100 क्विंटल सोयाबीन साठवण व प्रवास मिळून 12 टक्क्यांवर आले, तर एक दाणाही न सांडता एक क्विंटलाहून अधिक वजन घटते. अशा वेळी निरपराध गाडीवानास दंड करणे न्यायाचे नव्हे.

हे प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडविण्यास संशोधन हवे. ते सरकारने करावे, असे आमचे बहुतेक व्यापारी बंधू म्हणतील. सरकारने पुष्कळ केलेही आहे. आमच्या धार जिल्ह्यातच पीथमपूरनजीक केंद्र सरकारने वाहनांच्या चाचणीसाठी उभारलेल्या नॅट्रॅक्स या संस्थेच्या 11.3 किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान मार्गाचे उद्घाटन 2021 साली झाले. हे कार्य स्तुत्य होय. परंतु तेथे परीक्षा होते ती वाहनाची. त्यातील पोत्याची नव्हे. पोत्याची चिंता ज्यांना आहे त्यांनी ती वाहिली पाहिजे.

सहकारी संशोधनाची वाट नवी नाही. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मोटार उद्योगाने केंद्र सरकारच्या साहाय्याने 1966 साली स्थापिली. पुढे वाहनांवर शेकडा अष्टमांश, म्हणजे हजारी सव्वा रुपया, उपकर बसवून त्यातून या उद्योगाच्या संशोधनास पैसा पुरविला जाई. तो उपकर आता उरलेला नाही, पण त्यामागील तत्त्व टिकाऊ आहे. त्याच्याही पूर्वी 1927 साली नेमलेल्या, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर अध्यक्ष असलेल्या समितीने, रस्ता वापरणाराकडून पेट्रोलवर जादा कर घ्यावा व तो रस्त्यांसाठीच राखावा, अशी शिफारस केली. तीतून 1929 मध्ये केंद्रीय रस्ता निधी निर्माण झाला.

व्यवस्थापनाचा धडा अमेरिकेकडून घ्यावा. तेथे 1962 पासून महामार्गांविषयी सहकारी संशोधन चालू आहे. राज्यांचे महामार्ग विभाग आपल्या नियोजन व संशोधन निधीतून साडेपाच टक्के रक्कम स्वेच्छेने एकत्र करतात. कोणते विषय घ्यावयाचे ते ही राज्येच ठरवितात, प्रत्येक विषयावर जाणकारांची समिती देखरेख करते, आणि प्रत्यक्ष काम बाहेरच्या संशोधकांकडून करून घेतले जाते. मालवाहतुकीसाठी तशीच एक योजना 2005 च्या कायद्याने निघाली. परंतु ती सभासदांच्या वर्गणीवर नव्हे, तर केंद्राच्या अनुदानावर उभी होती. 2012 च्या कायद्यात तिच्यासाठी तरतूद झाली नाही, आणि ती बंद पडली. वर्गणीवर चालणारी योजना टिकली व अनुदानावरची गेली, यातील बोध आम्हांस सांगावा लागू नये.

कोणी म्हणतील, मंडी शुल्क आम्ही भरतोच. त्यातून मध्य प्रदेशात किसान सडक निधी व कृषी अनुसंधान निधी उभे झाले आहेत, मग आणखी भार कशास? आमचे उत्तर असे की, त्या निधीचे विषय आम्ही ठरवीत नाही. कोणी असेही म्हणतील की, वर्गणी आम्ही द्यावी आणि निष्कर्षांचा लाभ न देणाऱ्यानेही घ्यावा, हे कसे ? त्यावर आमचे म्हणणे असे की, विहीर खणणारा शेजाऱ्याच्या घागरीकडे पाहत बसला तर स्वतःच तहानलेला राहील.

यास्तव आमची सूचना अशी. धार व देवास येथील व्यापारी संघांनी दोन वर्षांच्या प्रयोगादाखल पोत्यामागे 25 पैसे स्वेच्छेने द्यावे. लाख पोत्यांस 25 हजार रुपये होतात. समितीत व्यापाऱ्यांबरोबर मालमोटार मालक, हमाल व शेतकरी यांचेही प्रतिनिधी असावे. हिशेब दरवर्षी छापावा. पहिला विषय एकच घ्यावा : तूट का येते ? काम इंदूरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयास सोपवावे, आणि निष्कर्ष व्यापाऱ्यांच्या विरुद्ध गेला तरी तो जसाच्या तसा प्रसिद्ध करावा.

देवासात एके काळी थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती. बैलगाडीला मात्र दोन्ही हद्दींतून जावेच लागे. आज संस्थाने नाहीत, पण प्रत्येक पेढीची हद्द कायम आहे. निदान रस्त्यापुरती तरी ती पुसली जावी, अशी आमची व्यापारी बंधूंस विनंती आहे.