माफ केलेला कर शुल्काच्या वाटेने परत नको!



मुंबईतल्या 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 1 जानेवारी 2022 पासून पूर्ण माफ झाला. 2019 मध्ये बिलातला केवळ सर्वसाधारण कर वगळला होता, बाकीचे कर आणि उपकर तसेच राहिले होते. म्हणून ही माफी खरा दिलासा ठरली. मात्र एप्रिल 2025 मध्ये, महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नसताना, घनकचरा उपविधींचा मसुदा निघाला. त्यात 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला दरमहा 100 रुपये शुल्क सुचवले होते. 500 चौरस फूट म्हणजे साधारण साडेशेहेचाळीस चौरस मीटर. करमाफी मिळालेले प्रत्येक घर याच गटात येते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने वर्षाला 1200 रुपये करून काढून घ्यायचे, असा हा हिशेब आहे.

आमच्या मते असे शुल्क करापेक्षाही अन्यायाचे आहे. मुंबईत 2010 पासून मालमत्ता कर घराच्या भांडवली मूल्यावर ठरतो. महाग वस्तीत तो जास्त, स्वस्त वस्तीत कमी. शुल्काला वस्ती दिसत नाही. गोवंडीतली दोनशे फुटांची खोली आणि मलबार हिलवरचा पाचशे फुटांचा फ्लॅट, दोघांना तेच 100 रुपये.

कोणी म्हणेल, जो कचरा करतो त्याने खर्च द्यावा, आणि 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही शुल्काची तरतूद होती. तत्त्व मान्य. पण सर्वांना सारख्या मासिक शुल्काने कचरा तसूभरही कमी होत नाही. ओला-सुका वेगळा न करणाऱ्यांकडून आणि मोठ्या प्रमाणात कचरा करणाऱ्या आस्थापनांकडून घ्या; तिथे शुल्काचा उपयोग आहे.

दुसरे कोणी म्हणेल, पालिकेच्या हजारो कोटींच्या ठेवी आहेत, त्यांतून माफीची तूट भरा. हेही चूक. त्यांतला मोठा भाग निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमांचा आहे. शिवाय ठेव एकदाच मोडता येते, माफी दरवर्षी द्यावी लागते. 2017 मध्ये जकात गेली तेव्हा राज्याने कायदा करून पालिकांना भरपाई दिली. मालमत्ता करातली माफीही राज्याच्या कायद्यानेच आली. मग तिच्या भरपाईचीही तशीच कायदेशीर हमी हवी. राज्याच्या 2025-26 च्या अंदाजपत्रकातच 45 हजार कोटींहून अधिक महसुली तूट दाखवली आहे, म्हणून तर घोषणेबरोबर पैशाची सोय सांगणे अधिक गरजेचे.

आमची मागणी स्पष्ट आहे : करमाफी मिळालेल्या घरांवर कचरा शुल्क नको, माफीची भरपाई राज्याने द्यावी आणि कोणतेही नवे शुल्क निवडून आलेल्या सभागृहात उघड चर्चा झाल्याशिवाय लावू नये. आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.