काटा मधोमध, तरी टर्बो तापलेला

मे महिन्याच्या उन्हात नागपूरहून भरधाव आलेली डिझेल मोटार जवाहरनगरला चहासाठी थांबते. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध असतो, म्हणून चालक लगेच इंजिन बंद करतो. चूक इथेच होते. तो काटा कूलंटचे, म्हणजे साधारण ९० अंशांचे तापमान दाखवतो. टर्बोतून जाणाऱ्या धुराचे नव्हे.

इंजिन नुसते सुरू असताना हा धूर १०० ते २०० अंशांचा असतो. पूर्ण भारावर तो ७०० अंशांपलीकडे जाऊ शकतो. टर्बोच्या आधी मोजलेला आकडा नंतरच्या आकड्याहून शंभरेक अंशांनी अधिक भरतो, म्हणून सेन्सर कुठे आहे हे आधी पाहावे. डिझेल इंजिनात हवेच्या मानाने इंधन वाढले की धूर जास्त तापतो. तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोचा फुटलेला पाइप आणि ताकदीसाठी केलेले ‘रीमॅपिंग’ यांचा परिणाम तोच. काळा धूर ही त्याची खूण.

इंजिन एकदम बंद केले की टर्बोकडे जाणारे तेल थांबते आणि आत उरलेले करपते. थांबण्यापूर्वी एक-दोन मिनिटे इंजिन सुरू ठेवावे.

बीएस-६ गाड्यांत काजळी जाळताना फिल्टर ६०० अंशांपर्यंत तापतो. अशी गाडी वाळल्या गवतावर उभी करणे धोक्याचे. आयुध निर्माणीच्या गावाला आगीची भीती समजावून सांगावी लागत नाही. बहुतेक नव्या डिझेल गाड्यांत धुराचे तापमान मोजणारे सेन्सर आहेतच. कंपन्यांनी तो आकडा चालकालाही दाखवावा.