सोबत कोणाची सोडावी?

'संगत' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला की आमचे विद्यार्थी ठराविक वाटेने जातात. कुसंगतीने व्यसने जडतात, अभ्यास बुडतो, घराण्याच्या नावाला काळिमा लागतो. म्हणून सज्जनांची संगत धरावी. हे सारे खरे. परंतु व्यसनी मित्र ओळखण्यास फारशी बुद्धी लागत नाही. ओळखण्यास कठीण असतो तो निराळाच मित्र. तो वाईट नसतो. वडीलधाऱ्यांशी आदराने बोलतो, चार विनोद करतो, सर्वांना हसवतो. मात्र तो उठून गेल्यावर पाहावे तो संध्याकाळ सरलेली, वही कोरी आणि मन शिणलेले! निबंधात या मित्राला जागा मिळत नाही, म्हणून त्याच्याविषयी येथे चार शब्द.

पूर्वी असा मित्र सोप्यावर येऊन बसे आणि दिवे लागले की आपल्या घरी जाई. आता भ्रमणध्वनीमुळे तो उठतच नाही. रात्री अकरा वाजताही त्याचे निरोप येतात आणि उत्तरास विलंब झाला तर तो रुसतो. रोजचा एक तास म्हणजे वर्षाचे ३६५ तास. पंधरा अहोरात्रींहून अधिक! शालान्त परीक्षेच्या वर्षी एवढे दान करण्याइतका श्रीमंत विद्यार्थी आमच्या पाहण्यात नाही.

तथापि येथे घाई करू नये. ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याला गणित उमगत नाही, जो अपयशाने खचला आहे, त्याच्यासाठी दिलेला वेळ वाया गेला असे मानणारा मनुष्य मैत्रीस पात्रच नव्हे. सुदामा दरिद्री होता. पण द्वारकेस जाताना मूठभर पोहे घेऊन गेला. गरजू मित्र आणि नुसता घेणारा मित्र यांतील भेद नेमका हाच आहे. पहिला जे जमेल ते देऊ पाहतो. तुम्हालाही अडचणी असतात हे दुसऱ्याच्या गावीही नसते. एकदा त्याला आपली अडचण सांगून पाहावी. तो ऐकून घेतो, की लगेच स्वतःची कथा सुरू करतो, यावरून पुष्कळसे कळून येते.

मग कळूनही अशी मैत्री सुटत का नाही? बहुधा जुन्या उपकारामुळे. रंगभूमीवर कर्णाचा अपमान होत असता दुर्योधनाने त्याला अंगदेशाचे राज्य दिले. पुढे युद्धापूर्वी कृष्णाने जन्मरहस्य सांगितले, तरी कर्ण दुर्योधनाला सोडून गेला नाही. त्याच्या निष्ठेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु एका उपकाराची फेड म्हणून सारे आयुष्य द्यावे काय, हा प्रश्न महाभारत वाचताना आम्हांस सतत छळतो. पाचवीत कोणी आपला डबा वाटून दिला असेल, तर त्याचे स्मरण जन्मभर ठेवावे. दहावीचे वर्ष त्यापायी देऊन टाकू नये.

सोडणे म्हणजे भांडणे नव्हे. आमच्या गोव्यातील गावे लहान. आज ज्याच्याशी अबोला धरावा, तोच उद्या जत्रेत, लग्नकार्यात किंवा त्याच बसमध्ये शेजारी येऊन बसणार. यास्तव मागे निंदा करू नये, त्याची गुपिते फोडू नयेत, कारणांची खोटी मालिका रचू नये. "सायंकाळी मी अभ्यासास बसतो, रविवारी भेटू," एवढे स्पष्ट व सौम्य वाक्य पुरे. खरा मित्र रविवारी येईल. जो येणार नाही, त्याने आपला निर्णय स्वतःच सांगितला असे समजावे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील ग्रंथात मैत्री कधी सोडावी याचाही विचार केला आहे, आणि सुटल्यावरही पूर्वीच्या स्नेहाची आठवण राखावी असे त्याचे मत आहे. आम्हांस ते सर्वस्वी मान्य आहे.

पालकांनाही एक विनंती. "त्याच्याशी बोलू नकोस," अशी आज्ञा केल्याने मूल चोरून बोलू लागते. त्यापेक्षा नकार देण्याचे धैर्य त्याला घरातच शिकवावे, आणि घरच्या मंडळींस त्याने विनयाने नकार दिला तर तो उद्धटपणा मानू नये.

विद्यार्थिमित्रहो, शेवटी एक प्रश्न स्वतःलाही विचारा: आपण कोणाच्या सोप्यावर असेच बसून राहिलो आहोत काय?