उरलेला माल आणि नवा ग्रह

पेठेतील घर सोडून गावाबाहेरच्या नव्या वास्तूत राहावयास जाणे, हा व्यापारी कुटुंबातील मोठा प्रसंग असतो. वास्तुशांती होते, सामान हलते, परंतु दुकान जुन्याच जागी राहते आणि घरातील कोणीतरी एक जण काही दिवस त्या जागेशी बांधलेला असतो. खगोलशास्त्राच्या इतिहासातील एक थोर घटना नेमकी अशाच घरबदलाच्या दिवसांत घडली.

इंग्लंडमधील बाथ या गावी विल्यम हर्शेल हा जर्मनीहून आलेला संगीतकार राहत असे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवावा, शिकवण्या कराव्यात आणि रात्री आकाश पाहावे, असा त्याचा क्रम होता. चांगली दुर्बीण विकत घेणे परवडेना, म्हणून तो धातूचे आरसे स्वतःच ओतून घासू लागला. एकदा सोळा तास हात न थांबविता त्याने आरसा घासला, तेव्हा त्याची बहीण कॅरोलिन त्याला जागेवरच घास भरवीत होती. मार्च १७८१ मध्ये या भावंडांनी न्यू किंग स्ट्रीटवरील १९ क्रमांकाच्या घरी बिऱ्हाड हलविले. तेथे मागे बाग होती. १३ मार्चच्या रात्री त्याच बागेतून, सुमारे सहा इंच व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीतून, वृषभ आणि मिथुन राशींच्या सीमेजवळ विल्यमला एक बिंदू दिसला. ताऱ्याप्रमाणे तो टोकदार नव्हता, लहानशा तबकडीसारखा होता. त्याने तो धूमकेतू समजला. पुढे गणिताने ठरले की, तो शनीपलीकडचा नवा ग्रह आहे. तोच युरेनस. एका परसातून आपल्या सूर्यमालेची ज्ञात सीमा दुप्पट झाली.

त्या रात्री कॅरोलिन मात्र तेथे नव्हती. जुन्या घरी तिचे स्त्रियांच्या टोप्यांचे दुकान होते आणि उरलेला माल विकण्यासाठी ती मागे राहिली होती.

रहिमतपूरच्या परसातून आकाश पाहणाऱ्याला तर हर्शेलपेक्षाही मोठा लाभ आहे. ध्रुवतारा येथे उत्तर क्षितिजापासून केवळ साडेसतरा अंशांवर असतो आणि त्याची भरपाई दक्षिणेकडे होते. हिवाळ्यात व्याधाच्या खाली तेजाने तळपणारा अगस्त्य बाथमधून कधीच क्षितिजावर येत नाही. रहिमतपुरात तो जवळजवळ वीस अंश वर चढतो. पश्चिमेला सातारा शहराचा उजेड असला, तरी दक्षिण आणि पूर्वेचे आकाश अजून पुष्कळ काळे आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात तर संध्याकाळ मोकळीच असते. शिवाय हा विषय जैन परंपरेला परका नाही. महेंद्रसूरी या जैन मुनींनी १३७० मध्ये ‘यंत्रराज’ हा ग्रंथ रचला. ताऱ्यांची उंची मोजणाऱ्या यंत्रावरील तो संस्कृतातील पहिला ग्रंथ होय.

व्यवहाराच्या चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. सहा इंची आरसा काळोखात विस्फारलेल्या बाहुलीच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. खरी किंमत या व्यासाची असते. खोक्यावर छापलेल्या ‘पाचशे पट मोठे’ अशा आकड्याला भुलू नये. नव्या घराची गच्ची मोहक वाटते, परंतु दिवसभर तापलेली फरशी रात्री उष्णता सोडते आणि त्या हवेत चित्र थरथरते. मातीचे परस अधिक बरे. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी. डोळ्यांनाही अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि सुरक्षेसाठी लावलेला मागील दारचा प्रखर दिवा ती एका क्षणात मोडतो. तेवढा वेळ तो बंद ठेवावा. सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नये, कारण डोळा क्षणात जातो. चातुर्मासात ढग असतात आणि दमट हवेने भिंगांवर बुरशी चढते, म्हणून दुर्बीण कोरडी करून झाकून ठेवावी. खरी मोकळी रात्र दिवाळीपासून होळीपर्यंत. खरेदीपूर्वी एकदा दुर्बिणीतून पाहून घ्यावयाचे असेल, तर पुण्यात १९४४ पासून कार्य करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे.

पेढीवर बसणाऱ्याच्या मनात मग प्रश्न येतोच की, या खर्चाचा परतावा कोणता? हर्शेलला तो पैशातही मिळाला. राजाने १७८२ मध्ये त्याला वार्षिक दोनशे पौंडांची नेमणूक दिली आणि त्याने बनविलेल्या दुर्बिणी दूरदूर विकल्या गेल्या. परंतु खरा परतावा दुसऱ्या खात्यात जमा झाला.

नेमणुकीनंतर कॅरोलिन भावाजवळ बसून त्याने सांगितलेले प्रत्येक निरीक्षण लिहून घेऊ लागली. दिवसा त्यांचे गणित मांडावे, याद्या जुळवाव्यात; म्हणजे दुर्बिणीची कीर्द-खतावणी तिच्याकडे आली. भावाने तिच्यासाठी एक लहान दुर्बीणही करून दिली होती. १ ऑगस्ट १७८६ रोजी भाऊ परदेशी गेलेला असताना त्या दुर्बिणीतून तिला एक धूमकेतू सापडला. या वेळी गैरहजर भाऊ होता. पुढे तिने एकूण आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिला स्वतःचे वार्षिक पन्नास पौंड वेतन मिळू लागले आणि १८२८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिले.

प्रत्येक घरात अशी एक व्यक्ती असते. सर्वजण गुरूचे चंद्र पाहत असताना ती आत भांडी आवरते किंवा दिवसाचा हिशेब पुरा करते. तिला आवड नाही, असे इतरांनी परस्पर ठरवून टाकलेले असते. नव्या घराच्या परसात दुर्बीण मांडली की, पहिल्या रात्री तिला हाक मारावी आणि डोळा लावावयास पहिली जागा तिला द्यावी. राहिलेला हिशेब सकाळीही पुरा होतो.