कोणता सोडा कशासाठी?

गृहिणींनो, सणावाराच्या आधी किराण्याच्या यादीत खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर, फ्रूट सॉल्ट, पापडखार अशी नावे हमखास असतात. दिसायला सगळ्या भुकट्या सारख्याच, म्हणून एक संपली की हाताला लागेल ती दुसरी घातली जाते. मग ढोकळा बसतो किंवा केकला साबणासारखी चव येते. यासाठी प्रत्येकीचा गुण एकदा नीट समजून घेऊ या.

पदार्थ फुगतो तो पिठात अडकलेल्या वायूमुळे. इडलीच्या पिठात हा वायू रात्रभर आंबल्यावर तयार होतो. या भुकट्या तेच काम काही मिनिटांत करतात.

खाण्याच्या सोड्याला आंबटाची जोड लागते. दही, ताक किंवा लिंबू असेल तरच तो नीट काम करतो. पाव किलो मैद्याला अर्धा छोटा चमचा सोडा आणि पाव लिटर आंबट ताक हे प्रमाण ठीक पडते. आंबट कमी पडले तर सोडा शिल्लक राहतो. पदार्थ पिवळट होतो आणि तुरट-कडवट लागतो.

बेकिंग पावडरीत सोडा, कोरडे आम्ल आणि थोडे पिष्ट आधीच मिसळलेले असते. म्हणून दूध-पाण्यात कालवलेल्या केकला ती बरी. मात्र तिचे प्रमाण सोड्याच्या तिप्पट-चौपट लागते. पाव किलो मैद्याला दोन छोटे चमचे घालावी.

फ्रूट सॉल्टमध्ये सोड्याबरोबर लिंबाच्या जातीचे आम्ल असते. पाणी लागताच ते फसफसते आणि लगेच ओसरते. म्हणून आधी भांड्यातील पाणी उकळू द्यावे, थाळीला तेल लावून ठेवावे, मगच ते पिठात घालून ढोकळा ताबडतोब वाफेवर ठेवावा.

पापडखार पापडापुरताच ठेवावा. त्याने पापड हलका आणि कुरकुरीत होतो. ढोकळ्यात घातला तर कडवटपणा येतो.

बेकरीत बिस्किटांसाठी अमोनियाचा खार वापरतात. पातळ बिस्किटातून त्याचा उग्र वास भट्टीत उडून जातो, जाड केकमध्ये मात्र तो अडकून बसतो.

पुडी जुनी झाली असेल तर पारख सोपी आहे. सोड्यावर लिंबू पिळा, बेकिंग पावडरीवर गरम पाणी घाला. जोरात फसफसले तर माल चांगला.

डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालण्याची सवय मात्र सोडावी, कारण त्याने ब जीवनसत्त्वाचा नाश होतो. डाळ आधी भिजत घालावी. भज्यांना कडकडीत तेलाचे मोहन दिले तर सोड्यावाचूनही ती खुसखुशीत होतात. रक्तदाबाच्या माणसाने तर विशेष जपावे. एका छोट्या चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असते आणि दिवसभराची मर्यादाच दोन ग्रॅमची आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धुण्याचा सोडा स्वयंपाकघरात ठेवू नका. तो तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो. मुलाच्या पोटात गेलाच तर तोंड पाण्याने धुवावे, पण उलटी करवू नये. पुडी बरोबर घेऊन त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. आजच डबे काढा आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवा. घरात कोणीही स्वयंपाकाला उभे राहिले तरी चूक होणार नाही.